कसुतीची उलटी बाजू: जायची वाट आणि यायची वाट

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजीची काळी इरकली साडी आहे, पदराजवळ मोठी गोपुरं आणि तुळशी वृंदावनं, खाली बारीक बुट्टे. उलटून पाहिली तर मागूनही नक्षी तशीच्या तशी, गाठ एकही नाही. विचारणाऱ्या ताईंना मॅटीवर, म्हणजे घरं दिसणाऱ्या जाड सुती कापडावर, फुली टाका चांगला येतो, पण ही नक्षी उतरवायला घेतली की मागच्या बाजूला दोऱ्यांचं जाळं होतं. हे करायचं कसं, कुठे शिकता येतं का, आणि चिकन, कांथा, फुलकारी या भरतकामांपेक्षा हे वेगळं का म्हणतात?

मी हे काम गेली तीस वर्षं करते आणि निम्मी वर्षं शिकवतेही आहे. शिकले धारवाडच्या मावशीकडून, तिच्या माजघरात, दुपारच्या उजेडात. त्यामुळे जे लिहिते ते तिच्या हाताचं आणि पुढे माझ्या चुकांमधून कळलेलं आहे.

आधी तुमच्याकडे काय आहे ते सांगते. आपल्याकडे याला बहुतेक घरांत ‘कर्नाटकी कशिदा’ म्हणतात, तिकडे कसुती. कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर हा तिचा मुलूख. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. सोयरिकी, बाजारहाट, शाळा सगळं मिसळलेलं. म्हणून सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या जुन्या ट्रंकांमध्ये कसुतीची साडी निघते, आणि रुखवतात कर्नाटकी कशिद्याचे अभ्रे नि रुमाल असायचे. काळ्या साडीला आपण चंद्रकळा म्हणतो, तिकडे चंद्रकाळी. काळ्या सुतावर नारिंगी, हिरवा, लाल, जांभळा रेशमी दोरा, ही जुनी रीत. पदराजवळ मोठे आकार आणि पदरापासून दूर जावं तसे लहान होत जाणारे बुट्टे, हीसुद्धा रीतच. तुमच्या आजीच्या साडीत ती पाळलेली दिसते.

कसुतीत टाके चारच आहेत. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातले पहिले दोनच दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. हे आधी समजून घ्या, नाहीतर मेंथीची मागची बाजू सुलटीसारखी का येत नाही म्हणून उगाच महिना घालवाल. मेंथी म्हणजे आपला फुली टाकाच, मेथीच्या दाण्यांसारखा भरगच्च. गोपुराचं पोट भरायला वापरतात आणि दोरा भरपूर खातो. नेगी म्हणजे लहानमोठा धावदोरा, एकाखाली एक ओळीत. कन्नडमध्ये विणण्याला जो शब्द आहे त्यावरून हे नाव आलं, आणि खरंच ती नक्षी मागावर विणल्यासारखी दिसते. तिच्या मागच्या बाजूला नक्षीचा नेमका उलट भाग उमटतो: पुढे जिथे दोरा, मागे तिथे कापड.

तुमचं जाळं होतंय ते गवंतीत. गवंतीला दुहेरी धावदोरा म्हणा. जाताना एक टाका वर, एक खाली, एक वर, एक खाली. शेवटाला पोहोचलं की त्याच वाटेने परत यायचं आणि राहिलेल्या फटी भरायच्या. परतताना वरची फट भरते आणि त्याच वेळी खालचीही भरते, म्हणून रेघ दोन्हीकडून अखंड दिसते. हे सरळ रेघेला कुणालाही जमतं. नक्षी मात्र सरळ रेघ नसते. तिला फांद्या असतात, चौकोन असतात, कळस असतात. फुली टाक्याची सवय असलेला माणूस एक फांदी संपली की मागून दोरा ओढून दुसऱ्या फांदीवर उडी मारतो. फुली टाक्यात मागचं कुणी बघत नाही, म्हणून ते खपतं. इथे ती उडीच जाळं करते. गवंतीत उडी मारायची नसते. प्रत्येक ठिकाणी चालतच जायचं आणि चालतच यायचं.

हे नुसतं वाचून पटणार नाही, म्हणून मॅटीचा तुकडा घ्या आणि माझ्याबरोबर मोजा. आडवी सहा टाक्यांची रेघ आहे आणि तिसऱ्या टाक्याच्या टोकाला वर जाणारी दोन टाक्यांची फांदी. सुई पहिल्या भोकातून वर काढा. पहिला टाका वरून, दुसरा खालून, तिसरा वरून. आता सुई फांदीच्या मुळाशी, कापडाच्या मागे आहे. सरळ पुढे जाऊ नका, फांदीवर वळा. फांदीचा पहिला टाका मागून जाईल, दुसरा पुढून. फांदीचं टोक आलं, सुई पुन्हा मागे. आता लगेच परत फिरा: टोकाचा टाका मागून, त्याखालचा पुढून. मुळाशी पोहोचलात तेव्हा सुई कुठे आहे बघा. मागेच, म्हणजे फांदीवर वळताना होती त्याच बाजूला. आता रेघेचा चौथा टाका मागून, पाचवा पुढून, सहावा मागून, आणि मग सगळ्या रेघेवरून परत. परतताना फांदीकडे वळायचं नाही, ती पूर्ण झालेली आहे.

ही एकच खूण मी मुलींकडून पाठ करून घेते: फांदीवर जाताना सुई ज्या बाजूला होती, परत आल्यावर ती त्याच बाजूला असली पाहिजे. नसेल तर वाटेत टाका सुटला किंवा दोनदा पडला. तिथल्या तिथे उसवा. पुढे जाऊन नक्षी ओढूनताणून बसवता येत नाही, चूक शेवटपर्यंत चालत येते आणि मग अख्खं गोपुर उसवावं लागतं. फांदी दोन टाक्यांची असो की वीस, तिच्यावर आणखी उपफांद्या असोत, खूण बदलत नाही.

चौकोनाचा पेच वेगळा आहे. आजवर माझ्याकडे शिकायला आलेल्यांपैकी जवळजवळ सगळ्याजणी इथेच अडकल्या. चार टाक्यांचा चौकोन घ्या. पहिला वरून, दुसरा खालून, तिसरा वरून, चौथा खालून. सुई निघाल्या कोपऱ्यात पुन्हा वर आली. आता मन सांगतं, असंच पुढे फिरू या, दुसऱ्या फेरीत फटी भरतील. फिरून बघा. पहिल्या टाक्यावरच पुन्हा टाका पडतो, फट तशीच राहते. समसंख्येच्या टाक्यांनी बंद झालेल्या आकारात हे होणारच. तीन, पाच, सात अशा विषम टाक्यांच्या आकारात मात्र पुढे फिरलं तरी जमतं. म्हणून शिकणारीला वाटतं की कधी हात बसतो नि कधी बसत नाही, आणि ती स्वतःच्या हाताला दोष देत बसते. दोष हाताचा नसतो, वाटेचा असतो.

मावशी यासाठी शंकराच्या देवळातली प्रदक्षिणा सांगायची. इतर देवांना पूर्ण फेरी घालतो, शंकराला सोमसूत्री. पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या पावली मागे फिरायचं. चौकोन, शंकरपाळी, कमळाची पाकळी, जे काही बंद होतं त्याला सोमसूत्री घाला. निघाल्या कोपऱ्यात पोहोचलात की उलटं फिरा. टाके सम असोत वा विषम, असं केलं की कधीच चुकत नाही.

मुरगी हे याच चालीचं जिन्याचं रूप. जाताना पायऱ्यांच्या आडव्या फळ्या वरून घालायच्या आणि उभे टाके मागून. येताना उभ्या फळ्या वर येतात. अर्धा मुरगीचा काठ नुसत्या तरंगत्या आडव्या रेघांसारखा दिसतो आणि परतीला एकेक पायरी उभी राहते. तीस वर्षांनंतरही मला तो क्षण आवडतो.

एक बारीकशी गोष्ट आहे, ती केली नाही तर रेघ दातेरी दिसते. परतताना सुई त्याच भोकातून जाते, तेव्हा आधीचा दोरा टोचून फाटू द्यायचा नाही. शिवाय प्रत्येक वेळी आधीच्या टाक्याच्या एका अंगाने वर यायचं आणि दुसऱ्या अंगाने खाली जायचं, कायम त्याच क्रमाने. मग दोन टाके एकमेकांत किंचित गुंततात आणि रेघ एकाच दोऱ्याची वाटते. दोरा ओढायचा तो कापडावर नुसता टेकेल इतकाच. ओढून घट्ट केला की भोक मोठं होतं आणि काळ्या कापडावर उजेडाचे ठिपके दिसतात.

आता गाठीचं. गवंती हे नाव गाठ या अर्थाच्या कन्नड ‘गंटु’ शब्दावरून आलं असं म्हणतात, आणि त्याच टाक्यात गाठ चालत नाही, याची मला अजून गंमत वाटते. वर सांगितलेल्या चालीने काम केलं की नक्षी जिथे सुरू झाली तिथेच संपते. सुरुवातीला दोऱ्याचं चार बोटं शेपूट सोडा, ते अंगठ्याखाली धरा. शेवटी दोन्ही शेपटं एकाच ठिकाणी येतात. मग एकेक शेपूट सुईत ओवून मागच्या तीन-चार टाक्यांच्या पोटातून नागमोडी फिरवा आणि कापडालगत कापा. ते अगदी पूर्ण लपतं असं नाही. बोट फिरवलं तर तेवढी जागा जरा जाड लागते. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, सुताचा असो की रेशमाचा, कापडातून वारंवार गेला की त्याची कांती जाते. मोठ्या आकारात दोरा मध्येच संपेल, त्याची भीती नको. जिथे संपला तिथून नवा दोरा तीच वाट पुढे चालतो. मी दोन सुया ठेवते: जायच्या वाटेवर दोरा आखूड झाला की त्याला तिथेच विसावू देते आणि दुसऱ्या सुईने पुढे जाते, मग परतीला पहिली सुई पुन्हा हातात घेते.

कसुतीत कापडावर छाप किंवा पेन्सिलची रेघ नसते. सगळं धागे मोजून. म्हणून कापड निवडताना आधी एक इंच गुणिले एक इंच चौकोन टाचणीने आखा आणि त्यातले ताण्याचे म्हणजे उभे नि बाण्याचे म्हणजे आडवे धागे मोजा. दोन्ही सारखे निघाले तर भाग्य. नाहीतर आडव्यात चार धाग्यांवर टाका घेत असाल तर उभ्यात पाच किंवा तीन घ्यावे लागतील. हे न बघता सुरू केलं की गोपुर बसकं होतं, हत्ती लांबुळका होतो, आणि तिरक्या रेघा कुठेच जुळत नाहीत. शिकायला मॅटीच बरी, घरं डोळ्यांना दिसतात. चार आठवडे मॅटीवर काढा, मग जाडसर हातमागाच्या सुती कापडावर या. साडीवर एकदम उडी नको.

इरकलीच्या अंगाचे धागे बारीक असतात. माझ्या वयाच्या डोळ्यांना काळ्यावर ते मोजता येत नाहीत, आणि तरुण मुलींनाही तासाभराने डोळ्यांत पाणी येतं. त्यासाठी जाळी लावून काम करतात. जाळीचं कापड साडीवर धावदोऱ्याने टाचायचं, त्याची घरं मोजून दोन्हींतून टाका घ्यायचा, आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढायचे. काहीजण याला खरी कसुती मानत नाहीत. मला ते पटत नाही. वाट तीच चालावी लागते, मागची बाजू तितकीच स्वच्छ ठेवावी लागते. फक्त टाके जरा घट्ट ठेवा, कारण जाळी निघाली की दोरा तिच्या जाडीइतका सैल पडतो. जाळी न लावता करणार असाल तर मांडीवर पांढरा पंचा पसरा आणि त्यावर काळं कापड ठेवा. खालचा पांढरा रंग धाग्यांमधून डोकावतो आणि मोजता येतं. दिवसाचा उजेड, खिडकी डाव्या हाताला. सुई बोथट टोकाची, म्हणजे ती धागा चिरत नाही, दोन धाग्यांच्या मधून सरकते. अँकरच्या सहापदरी लडीतला एक किंवा दोन पदर पुरतात. मी साडीवर एकच घेते.

इथे माझी एक जखम सांगते. बहिणीच्या मुलीच्या बारशासाठी पांढऱ्या दुपट्यावर लाल पाळणे काढले होते, दीड महिन्याचं काम. पहिल्याच धुण्यात लाल रंग असा उतरला की दुपटं गुलाबी डागांनी भरलं. दोरा पक्क्या रंगाचा म्हणून घेतला होता. तेव्हापासून प्रत्येक लडीतला वीतभर दोरा गरम पाण्यात भिजवते आणि पांढऱ्या कपड्यात दाबून बघते. लाल, किरमिजी आणि काळा हे तीन रंग तर न तपासता सुईत ओवतच नाही. इरकलीचा लाल पदरही रंग सोडू शकतो, म्हणून जुनी साडी भिजवायचा विचार मनात आणू नका.

बाकीच्या कामांशी तुलना विचारलीत. कांथा हा साधा धावदोरा, पण जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवण्यासाठी जन्मलेला. पूर्वी दोराही साडीच्या काठातून काढायचे. आपली गोधडी त्याची सख्खी बहीण. लखनौच्या चिकनमध्ये मलमलीच्या मागून मच्छी टाका घालतात, त्याचा रंग पुढून धुक्यासारखा दिसतो. त्याला तिकडे बखिया म्हणतात. तिथे मागची बाजू काम करते आणि पुढची ते मिरवते. फुलकारीत खद्दरवर न पिळलेल्या रेशमाचे लांब टाके कापडाच्या मागून, धागे मोजून घेतात. मोजणीत ती कसुतीची नातलग, पण टाका लांब नि मोकळा. कसुतीच्या सर्वांत जवळ मला हिमाचलातला चंबा रुमाल वाटतो, कारण तोही दोन्ही बाजूंनी सारखा, दो-रुखा. मात्र तिथे चित्र आधी रेखाटतात आणि भरीव टाक्याने रंगवल्यासारखं भरतात. युरोपातही गवंतीच आहे. तिथे तिला होल्बाइन टाका म्हणतात, त्या नावाच्या चित्रकारामुळे. त्याने 1536 च्या सुमारास इंग्लंडची राणी जेन सीमोर रंगवली, तिच्या मनगटावरच्या बाह्यांवर हे काळं काम धागा न् धागा दिसतं. धारवाडची बाई आणि लंडनची बाई एकाच चालीने गेल्या. कोण कोणाकडून शिकलं याच्या गोष्टी बऱ्याच सांगतात, मला त्यात रस नाही. बाही दुमडली किंवा पदर वाऱ्याने उलटला की मागचं दिसतंच. ज्या कपड्याची मागची बाजू दिसते तिथे हा टाका कुणालाही सुचेल.

बाजारात ‘कसुती’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळशा साड्या मशीनच्या असतात. कसुतीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही हे चालू आहे. ओळखायला उलटी बाजू बघा. मशीनच्या कामात मागे बॉबिनचा दोरा असतो, बहुधा पांढरा किंवा एकाच रंगाचा. नक्षीमागे कागदासारखं अस्तर चिकटवलेलं सापडतं आणि हात लावला की ती जागा ताठ लागते. मेंथी आणि नेगीने भरलेला भाग बघून ठरवू नका, गवंतीची बारीक रेघ बघा. मशीनचं काम वाईट असं मी म्हणत नाही, पण ते हाताचं म्हणून हाताच्या दराने विकणं फसवणूक आहे. तळहाताएवढ्या गोपुराला मला चार दुपारी लागतात. कुणी हाताची कसुती भरलेली साडी दोन-अडीच हजारांत देत असेल, तर एकतर ती हाताची नाही किंवा भरणाऱ्या बाईच्या हातात काही पडलेलं नाही.

शिकण्यासाठी धारवाड-हुबळीला जाता आलं तर उत्तम. तिथे अजूनही बायका घरी बसून हे करतात आणि समोर बसून हात बघणं याला पर्याय नाही. पण तुमच्याकडे त्याहून चांगली शिक्षिका ट्रंकेत आहे. आजीची साडी कापू नका, तिच्या बुट्ट्यांचे कुशन करू नका. दुमडीच्या रेघेवर जुनं सूत तुटतं, म्हणून घडी दर काही महिन्यांनी बदला आणि मलमलीत गुंडाळून ठेवा. मग एक लहानसा बुट्टा निवडा, एखादा दिवा किंवा हंस, मोठं गोपुर नको. भिंग घ्या, आलेख कागद घ्या आणि टाका टाका मोजून कागदावर उतरवा. जिथे टाका तुटला असेल तिथे शेजारचं भोक सांगेल किती धाग्यांचा होता. कागदावर आला की पेन्सिलीने वाट काढा, पेन्सिल न उचलता: बाण जाण्याचे एका रंगाने, येण्याचे दुसऱ्या. बाण कुठे अडला तर समजा तिथे सुईही अडेल.

आणि मग साडी उलटा, त्या बुट्ट्यावरून अगदी हलकेच बोट फिरवा. कुठेतरी एक जागा जराशी जाड लागेल, तीन-चार टाक्यांपुरती. आजीने शेपटं तिथे जिरवली आहेत. ती तिथून निघाली होती आणि तिथेच परत आली. कागदावरचा पहिला बाण त्या भोकापासून काढा.